बियांचा सोनचाफा : कुऱ्हाडीची घाई नको

पाच वर्षे झाली तरी फूल नाही, म्हणून सोनचाफ्याचे झाड तोडायला निघालेले बंधू आम्ही पाहतो. थांबा! बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला बहुधा ८ ते १० वर्षे घेतो. कलम मात्र २-३ वर्षांत फुलते.

बी ताजेच पेरावे. वाळवून ठेवल्यास त्याची उगवण्याची शक्ती लवकर जाते. फळ तडकताच बी काढून पाण्यात भिजवावे, वरचा लाल गर चोळून धुवावा व सावलीत, ओलसर मातीत अर्धा इंच खोल लावावे. कोंब यायला दोन महिनेही लागतात. तोवर माती उकरू नये, पाणी साचू देऊ नये. फुलांची घाई असेल त्यांनी कलम घ्यावे. पण परसात जागा असल्यास नातवंडांसाठी बियांचे एक झाड जरूर राखावे.