टाके निघाले, आता दात मोजा

ज्या बाळांचा ओठ किंवा टाळू जन्मतःच दुभंगलेला असतो, त्यांच्या दातांविषयी आज बोलू या. जगात साधारण ७०० बाळांमागे एक बाळ असं जन्मतं.

आधी मनातली एक अढी काढून टाकू. असं बाळ झालं की आईलाच विचारतात, "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का?" ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. पोटात चौथ्या ते दहाव्या आठवड्यात ओठ आणि टाळूचे भाग एकमेकांना जुळतात. ते जुळायचे राहिले की फट उरते. दोष आईचा नाही.

ओठाचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांचं बाळ असताना होतं, टाळूचं साधारण वर्षाच्या आसपास. टाके निघतात, बाळ छान दिसू लागतं आणि घरच्यांना वाटतं, सुटलो! पण फट हिरडीतूनही गेली असेल, तर पुढचं काम दातांचं असतं.

आरशासमोर उभ्या राहा. वरच्या दातांत मधोमधपासून एका बाजूला मोजा. पहिला मोठा दात, दुसरा जरा लहान, तिसरा सुळा. फट बहुतेक वेळा या दुसऱ्या दाताच्या जागेतूनच जाते. म्हणून तो दात कधी येतच नाही, कधी खुंटीसारखा बारीक येतो, कधी एकाच्या जागी दोन येतात, तर कधी टाळूकडे उगवतो. शेजारचे दात वळलेले किंवा उशिरा आलेले असतात. वरचा जबडा अरुंद राहिला, तर वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. हिरडीच्या फटीत हाड नसतं, आणि पक्का सुळा खाली उतरायला हाड लागतं. म्हणून साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा येण्याआधी, बहुतेकदा कमरेचं थोडं हाड घेऊन ती फट भरतात. त्याआधी काही मुलांचा जबडा तारेने रुंद करावा लागतो. ही वेळ टळली, तर पुढचं काम अवघड होतं. म्हणून मूल सहा-सात वर्षांचं झालं की दातांच्या डॉक्टरांना दाखवा. वेडावाकडा किंवा जादा दात दिसला, तरी तो परस्पर काढून घेऊ नका. दात गेला की भोवतीचं हाडही झिजतं. कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या.

घरी काय करायचं? अशा दातांत अन्न अडकतं, कधी दातांवरचं कवचही कच्चं असतं, त्यामुळे कीड लवकर लागते. पहिला दात दिसला की मऊ ब्रश सुरू करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, नंतर वाटाण्याएवढी. ओठ हलक्या हाताने उचलून फटीजवळचे दात घासा. ऑपरेशनची जागा दुखेल, या भीतीने तिथे ब्रश टाळू नका. जखम भरल्यावर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. मिशरी नको, रात्री गोड दुधाची बाटली नको. "दुधाचे दात, पडणारच आहेत," असंही म्हणू नका. पक्क्या दातांची जागा तेच राखतात.

खर्चाची काळजी वाटते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगून मुलाचं नाव नोंदवा. ऑपरेशन झालेलं असलं, तरी दातांसाठी पुन्हा दाखवा. जुने कागद एका पिशवीत जपून ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या वाडीत असं कोणतं मूल आहे आणि ते आता किती वर्षांचं झालं? सात पूर्ण झाली असतील, तर त्याच्या आईसोबत दवाखान्यात एक जण जा.