मधुमेही मूत्रपिंडविकार : डाळ किती, अंडी किती?

मधुमेहामुळे मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की पुष्कळ घरांत रुग्णाच्या ताटातून डाळ, अंडी, मटण एकदम नाहीसे होते. ‘प्रथिने कमी’ म्हणजे ‘प्रथिने बंद’ अशी समजूत करून घेतली जाते. ही समजूत घातक आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिल्यास त्यांच्यातील दाब वाढतो. काही गाळण्या निकामी होतात आणि त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो. भरपूर प्रथिनांच्या जेवणानेही हा दाब वाढतो. अमेरिकेतील बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही मीमांसा मांडली आणि प्रथिने मर्यादित ठेवण्याच्या सल्ल्याला बळ मिळाले. पुढील चाचण्यांत मात्र फायदा अपेक्षेइतका ठळक दिसला नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत तर इन्सुलिन घेणारे मधुमेही मुळात घेतलेच नव्हते.

मग किती खावे? डायलिसिस सुरू नसलेल्या मधुमेही रुग्णांना ‘केडिगो’च्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिने सुचविली आहेत. साठ किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. आता हिशेब करू. तीस ग्रॅम पिठाच्या सहा चपात्यांतून १९ ग्रॅम, शंभर ग्रॅम तांदळातून ७, पन्नास ग्रॅम तूरडाळीतून ११ आणि पाव लिटर दुधातून ८. झाले ४५ ग्रॅम! म्हणजे आपले साधे जेवण मर्यादेतच बसते. अंडे (६ ग्रॅम) खायचे त्या दिवशी डाळ निम्मी करावी. जाहिरातींतील प्रथिनांची भुकटी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

याहून कमी खाल्ल्यास स्नायू झिजतात. शिवाय इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या तेवढ्याच ठेवून जेवण तोडले, तर साखर एकाएकी खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटतो. त्या प्रक्रियेत अमिनो आम्ले वाहून जातात, म्हणून किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम लागतात. जुना पथ्याचा कागद तेव्हा बाजूला ठेवून आहारतज्ज्ञाकडून नवा लिहून घ्यावा.