भिंतीची कांती आणि दारची तुळस

आश्विन सरत आला की गोमंतकातील गृहस्थाला आपल्या घराकडे पाहवत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेतलेल्या भिंती वैशाखात पांढऱ्या होत्या, हे सांगूनही खरे वाटू नये, इतक्या काळवंडलेल्या असतात. आपण त्या थराला सरसकट शेवाळ म्हणतो. वस्तुतः तो बहुतांशी नीलहरित शैवालाचा असतो. ओला असता हिरवट, आणि ऊन लागून वाळला म्हणजे काजळी धरल्यासारखा काळा. त्यातच दिवाळी तोंडावर आलेली असते, आणि तिच्यामागून बारा दिवसांनी व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचे लग्न. पाहुणे येण्यापूर्वी घराचे रूप उजळले पाहिजे, या घाईत माणसे लावली जातात, बादल्या कालवल्या जातात, आणि भिंतीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या अबोली-शेवंतीचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता.

२०२२ च्या दिवाळीपूर्वी आमचे चिऱ्याचे घर मी असेच धुऊन घेतले. कामकऱ्यांनी दहा लिटरच्या बादलीत अर्धा किलो ब्लीचिंग पावडर टाकली, तेव्हा मी जवळच उभा होतो. भिंती झाल्यावर त्यांनी उरलेली बादली वृंदावनावर ओतली व काथ्याच्या कुंच्याने ते घासून काढले. तुळशीवर पाणी उडू नये म्हणून, माझ्याच सांगण्यावरून, त्यांनी तिच्यावर प्लास्टिकचा कागद गुंडाळला होता. तो दुपारच्या उन्हात तीन तास तसाच राहिला. आपण पुरेशी काळजी घेतली, या समाधानात मी जेवावयास बसलो.

दुसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके डाग दिसले. चौथ्या दिवशी पाने करपून गळू लागली, आणि लग्नाच्या दिवशी वृंदावनात काटक्यांखेरीज काही उरले नव्हते. ऊस, चिंचेची व आवळ्याची फांदी, सारे काही आणलेले होते. शेजारच्या घरून कुंडीतील तुळस मागून आणून आम्ही विधी उरकला. आई पंच्याऐंशीच्या घरातली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने एवढेच विचारले, “शाळेच्या विहिरीत घालतोस, तेच ना रे हे?”

तेच होते. दर पावसाळ्यानंतर शाळेच्या विहिरीत ते मी स्वतः उभा राहून घालवून घेतो. जे पाणी शंभर मुले पितात त्यातील द्रव्य तुळशीला काय बाधणार, असा माझ्या मनाचा न बोललेला हिशेब होता. पण हिशेब मुळी केलाच नव्हता. विहिरीच्या एक हजार लिटर पाण्याला साधारणपणे अडीच ग्रॅम पावडर पुरते. आमच्या बादलीत दहा लिटरला पाचशे ग्रॅम होती. म्हणजे वृंदावनात मुरलेले पाणी मुलांच्या पिण्याच्या पाण्याहून वीस हजार पटींनी जहाल होते! पाचवीतील मुलाने हे गणित सोडविले असते. मुख्याध्यापकाला ते तुळस गेल्यावर सुचले.

या पावडरीचा इतिहास जुना आहे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वायू १७७४ मध्ये तयार केला, आणि विझवलेल्या चुन्यात तो शोषवून केलेल्या विरंजक चूर्णाचे पेटंट चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये घेतले. कापड पांढरे करण्यासाठी निघालेली ही वस्तू. रंग मोडणे आणि सजीव पेशी जाळणे ही दोन्ही कामे ती एकाच गुणाने करते. भिंतीवरील शैवाल हेही पानासारखेच हरितद्रव्य बाळगून असते. तेव्हा मारावयाचे कोण आणि राखावयाचे कोण हा विवेक त्या द्रावणाकडून अपेक्षिता येत नाही. तो आपणच करावयाचा असतो.

आमची चूक दुहेरी होती. पानांवर उडणारे शिंतोडे हाच काय तो धोका, असे आम्ही मानले. शिंतोड्यांनी पाने डागळतात खरी, पण तेवढ्यावरून झाड सहसा मरत नाही. नवी पालवी येते. खरा घात ओघळाने होतो. भिंतीवरून उतरलेले पाणी थेट मुळाशी जाऊन मुरते. त्यातील क्लोरीनचा जोर मातीत लवकरच ओसरतो, परंतु मागे चुना आणि क्षार राहतात. आणि क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. हल्ली कॅनमधून मिळणारे द्रवरूप ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, चुन्याशिवाय असते म्हणून निरुपद्रवी समजले जाते. त्याच्यामागे तर मीठच उरते.

दुसरी चूक प्लास्टिकची. उन्हात प्लास्टिकखाली हवा कोंडते, तापते, आणि द्रावणाचा एक थेंबही न लागता पाने उकडून निघतात.

मग करावे काय? पुढच्या वर्षापासून आम्ही जे करतो, तेच सांगतो. कुंड्या आदल्या दिवशीच दूर नेऊन ठेवतो. जमिनीतल्या झाडांना आदल्या संध्याकाळी एकदा आणि काम सुरू होण्यापूर्वी पुन्हा, आळे तुडुंब भरेपर्यंत साधे पाणी देतो. वरून पानेही भिजवतो. साऱ्या उपायांत मी याला पहिला मान देईन. माती आधीच पाण्याने तृप्त असली म्हणजे वरून आलेले द्रावण तीत फारसे मुरत नाही, आणि मुरले तरी पातळ होते. कोरडी माती मात्र तहानेल्यासारखी ते पिऊन टाकते. त्यानंतर भिंतीलगत चार बोटे खोल पाट काढून ओघळ झाडांपासून आणि विहिरीपासून दूर, मोकळ्या उघड्या जागेकडे वळवतो. उन्हाने आणि मातीतील कुजकट अंशाने द्रावणाचा जोर तेथे आपोआप मोडतो. झुडपांभोवती काठ्या रोवून त्यांवर ओली गोणपाटे टाकतो. ती पानांना टेकत नाहीत, वारा खेळू देतात, आणि त्या भिंतीचे काम आटोपताच काढून घेतो.

भिंत प्रथम कोरडीच घासावी. निम्मा थर काथ्याच्या कुंच्यानेच निघून जातो, आणि मग द्रावण फिकट असले तरी चालते. एका वेळी एकच भिंत घ्यावी. दहा-पंधरा मिनिटांनी ती वरून खाली भरपूर पाण्याने धुवावी, आणि तोवर घरातील एका माणसाने दुसरे कसलेही काम न करता झाडांवर पाणी घालीत राहावे. कामकरी हे करीत नाहीत. त्यांना भिंतीचे पैसे मिळतात, झाडांचे नव्हे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. वृंदावनाला मात्र आता पावडरीचा स्पर्श नाही. काथ्या, राख आणि कोपराचा जोर!

एक गोष्ट झाडांपुरती नाही, म्हणून बजावून सांगतो. फरशीवरील डागांसाठी आणलेले ॲसिड याच बादलीत किंवा ओल्या भिंतीवर कदापि पडू देऊ नये. दोन्ही एकत्र येताच क्लोरीन वायू सुटतो. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला वायू तो हाच.

काही घरी पावडर टाळून चुन्याच्या निवळीत मोरचूद घालून भिंतींवर मारतात. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण पोफळीच्या कोळेरोगावर आपल्या आगरांत फवारले जाते, तेव्हा ते झाडाचे औषधच, असा समज आहे. परंतु तांबे मातीतून सहजासहजी निघून जात नाही. वर्षानुवर्षे एकाच भिंतीच्या पायथ्याशी ते उतरत राहिले तर तेथील माती हळूहळू निकामी होते. शिवाय ताज्या चुन्याने कोवळी पाने भाजतात, ते निराळेच. तेव्हा पाट आणि गोणपाट येथेही हवेतच.

आणि अपघात झालाच तर? वेळ न दवडता झाडाला पाणी, पुन्हा पाणी. वरची दोन-तीन बोटे माती खरवडून काढून नवी घालावी. दुखावलेल्या मुळांना खत देऊ नये, आणि करपलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत; जीव कोठवर उरला आहे हे नवे डोळे फुटल्यावरच कळते. छायाचित्रकार पूर्वी जो हायपो वापरीत, तो क्लोरीनचा जोर मोडतो हे खरे. पण घरच्या विहिरीला पाणी असता त्याच्या शोधात कशाला फिरावे?

आमच्या वृंदावनातील सगळी माती आईने उपसून टाकावयास लावली. जुन्या तुळशीच्या मंजिऱ्या तिने एका डबीत ठेवलेल्या होत्या, हे आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते. त्या तिने पुढच्या पावसाच्या आरंभी पेरल्या. आता घर धुणारे आले की ती पडवीत खुर्ची टाकून बसते, आणि तुळशीच्या मुळाशी पाणी पोहोचल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना शिडी लावू देत नाही.

अनंताचे झाड मात्र अजून पूर्ण सावरलेले नाही. तो आंबट मातीचा भोक्ता. आपल्या तांबड्या मातीत लोहाची वाण नाही, पण चुना चढला की तेच लोह मुळांना घेता येत नाही, आणि पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दर दोन महिन्यांनी मी त्याच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे कुजलेले खत घालतो. यंदा त्याला सात फुले आली.