संपादक मंडळावर नवे कोण?

२०१५ साली पोलंडमधल्या काही संशोधकांनी ३६० विज्ञान-नियतकालिकांकडे एका बाईंचा अर्ज पाठवला. मागणी एकच: मला संपादक करा. बाईंच्या पदव्या खोट्या होत्या, नावावर एकही शोधनिबंध नव्हता. मुळात अशी कुणी बाईच नव्हती! तरीही ४८ नियतकालिकांनी त्यांचं स्वागत केलं, चौघांनी तर थेट मुख्य संपादकपद देऊ केलं. २०१७ मध्ये हा प्रकार ‘नेचर’ने छापला.

खरं तर हे पद जोखमीचं. अनेक विषयांचं नियतकालिक असेल, तर आज बेडकांवरचा निबंध येतो, उद्या भूकंपावरचा. एकट्या माणसाला सगळं कसं कळणार? म्हणून त्या त्या विषयातले जाणकार मंडळावर घेतात. निबंध आला की योग्य समीक्षक शोधायचे, त्यांचे अभिप्राय तोलायचे, स्वीकार की नकार ते ठरवायचं. लेखक जवळचा सहकारी निघाला, तर आपण बाजूला व्हायचं.

पद्धती मात्र वेगवेगळ्या. १८६९ पासून निघणाऱ्या ‘नेचर’चे संपादक पूर्णवेळ पगारी. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॉस वन’मध्ये हे काम प्रामुख्याने कार्यरत शास्त्रज्ञ आपलं संशोधन सांभाळून करतात. तिथे निबंध किती गाजेल यापेक्षा त्याची पद्धत पक्की आहे का, हे पाहिलं जातं.

निबंध पाठवण्याआधी तरुण संशोधकांनी मंडळाची यादी जरूर वाचावी, आणि त्यातली दोन-चार नावं त्यांच्या विद्यापीठांकडून पडताळून घ्यावीत.