शर्यतीच्या सायकलीचे टायर : निवड, काटकसर व निगा

सायकलच्या शर्यतीची गोष्ट निघाली म्हणजे पाहणाराचें लक्ष प्रथम स्वाराच्या पायांकडे जातें, आणि मग सायकलीच्या चकचकीत सांगाड्याकडे व तिच्या किंमतीकडे वळतें. परंतु स्वार, सायकल व त्या दोहोंचा वेग हीं सर्व ज्या एका वस्तूवर उभीं असतात, त्या टायरांचा विचार फारच थोडे लोक करितात. वास्तविक पाहतां सायकलीचा जमिनीशीं संबंध येतो तो केवळ टायरांच्या द्वारेंच. आणि तो संबंधहि किती थोड्या जागेपुरता असतो हें पुढें गणितानेंच दाखवूं. ज्या पालकांना मुलाच्या हौसेसाठीं बेताचा पैसा खर्च करावयाचा आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांना त्या पैशाचें चीज करावयाचें आहे, अशा दोघांसाठींहि हा लेख आहे.

आपल्या नागपुरास हा विषय परका नाहीं. येथील डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें व बारा दिवसांच्या मुदतीच्या आंत पुरी केली. त्याच वर्षीं लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनींहि ती पुरी केली होती. आणि २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं ती जोडीनें पार पाडली होती. पुढें २०१८ सालीं डॉ. समर्थ यांनीं मॉस्कोपासून व्लाडिव्होस्टॉकपर्यंतची, नऊ हजार किलोमीटरांहून लांब अशी टप्प्याटप्प्यांची शर्यत पूर्ण केली. हीं उदाहरणें डोळ्यांपुढें ठेवून आज कित्येक मुलें रामटेक, काटोल व वर्धा ह्या रस्त्यांवर पहाटे सायकल घेऊन निघतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र उत्साहाला ज्ञानाची जोड पाहिजे.

हवा भरलेल्या टायराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें व थंडींत ठिसूळ बनतें. तें गंधकासह तापविलें असतां ह्या दोन्ही दोषांपासून मुक्त होतें, हा शोध चार्लस गुडइअर यांस १८३९ सालीं लागला. १८४५ सालीं रॉबर्ट टॉमसन यांनीं हवेच्या टायराचें पेटंट घेतलें, परंतु त्या काळीं त्याची चाह कोणास नसल्यामुळें तो शोध विस्मृतींत गेला. नंतर १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्यानें आपल्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर कमी आदळावी म्हणून तींस हवेचे टायर बसविले. पुढच्याच वर्षीं विली ह्यूम ह्या स्वारानें तसल्या टायरांवर बेलफास्टमध्यें शर्यती जिंकल्या, आणि भरीव रबराच्या चाकांचे दिवस भरले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाची गोष्ट १८९१ सालीं घडली. त्या काळचे टायर चाकास चिकटविलेले असत, व पंक्चर काढणें हें तासांचें काम असे. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं चाकावरून सहज सुटणारा टायर तयार केला, व शार्ल तेराँ ह्या स्वारानें तो वापरून पॅरिस ते ब्रेस्ट व परत अशी सुमारें १,२०० किलोमीटरांची शर्यत वाटेंत पंक्चर होऊनहि जिंकली. जो टायर लवकर दुरुस्त होतो तोच लांबच्या मजलेस उपयोगीं पडतो, हा धडा तेव्हांपासून आजतागायत खरा आहे.

आतां टायराची रचना पाहूं. त्याचे मुख्य भाग चार. पहिला भाग कडांतील तार. हिच्यामुळें टायर रिमवरून निसटत नाहीं. दुसरा भाग आंतील कापड. हें पूर्वीं सुताचें असे, हल्लीं बहुधा नायलॉनचें असतें. तिसरा, कापड व रबर यांच्यामधील संरक्षक पट्टा. आणि चौथा, रस्त्यास घासणारें वरचें रबर. रबर काळें कां असतें, असा प्रश्न पुष्कळ मुलें विचारतात. त्यांत घातलेल्या काजळीनें त्याची झीज कित्येक पटींनीं कमी होते, हें त्याचें उत्तर होय.

दुकानांत टायराच्या वेष्टणावर एका इंचांत किती धागे आहेत तो आंकडा छापलेला असतो. धागे बारीक व पुष्कळ असले म्हणजे कापड मऊ होतें व टायर हलका धांवतो. परंतु तेंच कापड बाजूंनीं लवकर कापलें जातें. सुमारें ६० धाग्यांचें कापड किंचित् जड, पण कणखर असतें. म्हणजे वेग, टिकाऊपणा व स्वस्ताई ह्या तिन्ही गोष्टी एका ठिकाणीं पूर्णत्वानें कधींच सांपडत नाहींत. हौशी स्वारानें टिकाऊपणास पहिलें, स्वस्ताईस दुसरें व वेगास तिसरें स्थान द्यावें, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें पुढीलप्रमाणें.

टायर फिरतांना दबतो व पुन्हा फुगतो, आणि ह्या क्रियेंत स्वाराची थोडी शक्ति व्यर्थ जाते. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन धरिलें व वेग ताशीं ३० किलोमीटर असला, तर उत्तम शर्यती टायरांत सुमारें २६ वॉट शक्ति खर्च होते. जाड, सामान्य टायरांत ती ४५ वॉटांच्या आसपास जाते. चांगल्या प्रतीचे मध्यम टायर ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसतात. म्हणजे मध्यम टायराऐवजीं अत्यंत महाग टायर घेतल्यानें ४० किलोमीटरांच्या शर्यतींत फार तर एखाद्या मिनिटाचा लाभ होईल. उलट एक पंक्चर झाल्यास नवी ट्यूब घालून हवा भरण्यास सराव असलेल्या मुलासहि सहा-सात मिनिटें लागतात, आणि तेवढ्या अवधींत पुढील घोळका दृष्टिआड होतो. जो टायर शेवटपर्यंत टिकत नाहीं, त्याचा वेग कोणत्या कामाचा?

खर्चाचें गणितहि असेंच करावें. टायराची किंमत दुकानांत विचारावी, परंतु तिचा हिशेब किलोमीटरांत मांडावा. उदाहरणार्थ, समजा, एक टायर ९०० रुपयांचा असून ३,००० किलोमीटर चालतो. दुसरा २,१०० रुपयांचा असून ६,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा दर किलोमीटरास ३० पैसे व दुसऱ्याचा ३५ पैसे पडतो. येथपर्यंत पहिला स्वस्त दिसतो. परंतु पहिल्यास संरक्षक पट्टा नसल्यामुळें तो दर ५०० किलोमीटरांस पंक्चर झाला व दुसरा दर १,५०० किलोमीटरांस झाला, आणि प्रत्येक पंक्चरामागें ५० रुपये गेले, असें धरा. पहिल्यावर ३०० रुपये अधिक पडून दर ४० पैसे होतो. दुसऱ्यावर २०० रुपये पडून तो ३८ पैशांच्या आसपास राहतो. तिसरा टायर खास शर्यतीचा, ५,००० रुपयांचा व ४,००० किलोमीटर चालणारा असेल, तर त्याचा दर सव्वा रुपया! हे आंकडे केवळ नमुन्यासाठीं आहेत. प्रत्येकानें आपल्या वहींत आपले आंकडे मांडून हाच हिशेब करावा. खरी काटकसर अशा वहींतूनच शिकतां येते.

ह्याच ओघांत आणखी एक युक्ति सांगतों. एकाच कंपनीचा एकच टायर पुष्कळदां दोन प्रकारांत मिळतो : एकांत कडेला पोलादी तार, तर दुसऱ्यांत घडी घालतां येईल असा मऊ धागा. घडीचा टायर थोडा हलका व पुष्कळ महाग असतो. परंतु वरचें रबर व पट्टा तेच असल्यास टिकाऊपणांत दोहोंमध्यें फरक पडत नाहीं. ज्यास पैसे वांचवावयाचे आहेत त्यानें तारेचा टायर निःशंक घ्यावा. चिकटवून बसविण्याचे शर्यती टायर, तसेंच ट्यूबशिवाय चालणारे टायर, हे हौशी विद्यार्थ्यांनीं तूर्त बाजूस ठेवावे. पहिल्यांची दुरुस्ती कष्टाची असते. दुसऱ्यांत घालावा लागणारा द्रव आपल्या उन्हाळ्यांत लवकर सुकतो व तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो.

माप घेतांना विशेष सावध असावें. आपल्याकडील जुन्या उभ्या सायकलीचें '२८ इंची' चाक व शर्यतीच्या सायकलीचें '७००' मापाचें चाक यांस लोक एकाच नांवानें ओळखतात. परंतु टायर बसण्याच्या जागेचा व्यास पहिल्यांत ६३५ व दुसऱ्यांत ६२२ मिलिमीटर असतो. म्हणून इंचांवर न जातां टायराच्या बाजूस छापलेला '२५-६२२' अथवा '२८-६२२' असा आंकडा वाचावा. त्यांतील पहिली संख्या रुंदीची व दुसरी व्यासाची होय.

रुंदी किती असावी? पूर्वीं शर्यतीचे स्वार २३ मिलिमीटरांचे अरुंद टायर घट्ट फुगवून वापरीत. हल्लीं प्रयोगांनीं असें दिसून आलें आहे कीं, खडबडीत रस्त्यावर फार कठीण टायर प्रत्येक खड्यावर उसळतो व स्वाराची शक्ति उसळण्यांतच जाते. म्हणून आजचे मोठे स्वारहि २५ ते २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर वापरतात. आपल्या रस्त्यांवर सिमेंटच्या पट्ट्यांमधील सांधे, डांबरावर सुटलेली गिट्टी व पावसाळ्यांतील खड्डे असतात; तेव्हां सायकलीच्या सांगाड्यांत जागा असल्यास २८ मिलिमीटरांचाच टायर घ्यावा. टायर व सांगाडा यांच्यामध्यें निदान चार मिलिमीटर अंतर राहिलें पाहिजे, हें मात्र विसरूं नये.

आतां ठरल्याप्रमाणें तें गणित पाहूं. स्वार व सायकल मिळून ७० किलो वजन असलें तर मागील चाकावर सुमारें ४० किलो भार येतो. टायरांत ८० पौंड हवा असेल, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ५.६ किलो होतो. ४० ला ५.६ नें भागिलें असतां सुमारें ७ चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित् मोठ्या एवढ्याच जागेवर मागील चाक उभें असतें; पुढील चाकास तर जेमतेम एका नाण्याएवढी जागा मिळते. घाट उतरतांना, वळण घेतांना किंवा अचानक गाय आडवी आली असतां ब्रेक लावतांना मुलाचा जीव ह्या दोन नाण्यांएवढ्या रबरावर अवलंबून असतो. पालकांनीं इतर सर्व गोष्टींत काटकसर केली तरी येथें झिजलेल्या रबरावर दिवस ढकलूं नयेत, तें यासाठींच.

हवा आठवड्यांतून निदान एकदां व शर्यतीच्या दिवशीं पहाटे दाबमापकानेंच मोजावी. अंगठ्यानें दाबून पाहणें हा अंदाज होय, माप नव्हे. सुमारें ५५ किलो वजनाच्या मुलानें २८ मिलिमीटरांच्या टायरांत ६५ ते ७५ पौंड हवेपासून सुरुवात करावी, मागें पुढल्यापेक्षां थोडी अधिक ठेवावी, व टायरावर छापलेली मर्यादा कधींहि ओलांडूं नये. नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. पहाटे २५ अंशांच्या हवेंत ८० पौंडांपर्यंत भरलेला टायर उन्हांत ५० अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या नियमाप्रमाणें त्यांतील दाब सुमारें ८८ पौंड होतो. म्हणून सायकल सावलींत ठेवावी.

आपल्याकडे टायराचे शत्रु तीन : बाभळीचा कांटा, सराटा, आणि फुटलेल्या ट्रकच्या टायरांतून रस्त्याकडेस पडणारे केसासारखे पोलादी तुकडे. बाटलीच्या कांचा ह्या चवथ्या. ओलें रबर कांचेनें सहज कापलें जातें, म्हणून पावसाळ्यांत पंक्चर अधिक होतात. घरीं आल्यावर ओल्या फडक्यानें टायर पुसावा व रुतलेले कण चिमट्यानें काढावे. कारण पुष्कळसे कण पहिल्याच फेऱ्यास आंत शिरत नाहींत, तर हळूहळू मार्ग काढीत ट्यूबपर्यंत पोंचतात. टायर बसवितांना त्यावरील नांव नेहमीं व्हॉल्व्हसमोर आणावें. ट्यूबेस भोंक पडल्यास तें व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे यावरून टायरांतील कांटा चटकन सांपडतो. ट्यूबेला साप चावल्याप्रमाणें दोन भोंकें शेजारीशेजारीं दिसलीं, तर दोष कांट्याचा नव्हे, कमी हवेचा होय, असें समजावें.

मागील टायर पुढल्यापेक्षां पुष्कळ लवकर झिजतो, कारण भार व ओढ दोन्ही त्याजवर असतात. तो मधोमध सपाट झाला, किंवा आंतील धागे दिसूं लागले, म्हणजे त्याचें आयुष्य संपलें. अशा वेळीं नवा टायर मागें न घालतां पुढें घालावा व पुढील जुना, परंतु धड टायर मागें न्यावा. पुढील चाकाचा टायर फुटणें अधिक घातक असल्यामुळें सर्वोत्तम रबर नेहमीं पुढें असावें. ह्या रीतीनें एका वेळीं एकच टायर विकत घ्यावा लागतो, हाहि लाभच. जुन्या टायराचा दोन बोटें रुंदीचा तुकडा मात्र कापून पिशवींत ठेवावा. वाटेंत टायर चिरला असतां तो आंतून लाविल्यास घरापर्यंत सहज पोंचतां येतें.

शर्यतीच्या आदल्या दिवशीं नवा टायर बसवूं नये. तो निदान १०० किलोमीटर आधीं चालवून पाहावा, म्हणजे वरचा गुळगुळीत थर निघून जातो व बसविण्यांतील चूक असल्यास ती लक्षांत येते. एक ट्यूब, दोन पट्ट्या, ठिगळाचें साहित्य व लहान पंप एवढें सामान प्रत्येक फेरीस जवळ असावें, आणि पंक्चर काढण्याचा सराव घरीं सुटीच्या दिवशीं करावा.

विद्यार्थिमित्रांनो, श्रीमंताची सायकल व गरिबाची सायकल यांच्यांत सांगाड्याचा फरक राहीलच. परंतु टायरांची निगा राखण्यास पैसा लागत नाहीं, लागते ती नियमितता. दाबमापक, ओलें फडकें व हिशेबाची वही ह्या तीन वस्तूंनीं साधा टायर पुष्कळ दिवस चालतो. त्या नसतील तर उंची टायरहि एका पावसाळ्यांत निकालांत निघतो.