पाखाडी चढते, दारात अडते: पार्किन्सन्समधलं चालणं

आपल्याकडे हे चित्र बऱ्याच घरांत दिसतं. पार्किन्सन्सचे आजोबा जांभ्याची पाखाडी चढून येतात आणि ओटीवरून माजघरात जाताना दारातच थिजतात. पाय जणू जमिनीला चिकटलेले. घरचे म्हणतात, "आत्ता एवढं चढून आलात, मग इथे काय झालं?" मंडळी, हे सोंग नाही.

पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिलं. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिन्यावर सहज चालत. मग त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र टाकलं, आणि काका चालू लागले! २०१५मध्ये त्यांनी हे एका टेड व्याख्यानात सांगितलं.

असं का होतं? चालणं आपल्याला पाठ असतं. मेंदूच्या आत खोलवर असलेली बेसल गँग्लिया ही केंद्रं ते पाठांतर चालवायला मदत करतात. डोपामिन कमी पडलं की पाठ विसरतो. पण डोळ्यांना रेघ दिसली, कानाला ठेका मिळाला, तर मेंदू लक्ष देऊन, दुसऱ्या वाटेनं पाऊल उचलतो.

म्हणून दाराच्या अलीकडे-पलीकडे पावलापावलाच्या अंतरावर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावा. ठेक्यासाठी मोबाइलवरचं मेट्रोनोम चालेल, भजनातले टाळही चालतील. कोकणी माणसाला ठेका काय शिकवायचा!

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. पाय थिजले तर हात धरून ओढू नका. धड पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. थांबू द्या. सरळ उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, मग एक मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल फिरा. आणि चालताना त्यांना गप्पांत गुंतवू नका.

तोलाचं मात्र वेगळं आहे. तिथे रेघा पुरत नाहीत, गोळ्यांचाही उपयोग कमीच होतो. त्यासाठी खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून बाजूला पावलं टाकणं, असा रोजचा सराव लागतो. तो गोळीचा असर चांगला असेल त्या वेळेत करा, सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोर करा. पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ असतं, तेव्हा चालायचा सराव पडवीतच, आणि शेजारी कुणीतरी उभं हवं.

आता प्रश्न घेऊ या.