प्रत्यारोपित वृक्कातील तंतुमयता आणि प्रतिकारशामक औषधे

चाळिशीतील एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले ते हातात बायॉप्सीचा अहवाल घेऊनच. सहा वर्षांपूर्वी आईने दिलेल्या वृक्काचे त्यांच्या शरीरात रोपण झाले होते. अहवालात 'इंटरस्टिशियल फायब्रोसिस' असे शब्द होते. "वैद्यराज, ज्या गोळ्यांनी मूत्रपिंड टिकवायचे, त्याच गोळ्यांनी त्यात व्रण पडतात म्हणे. मग त्या बंद करून तुमचे रसायन सुरू करू का?" प्रश्न सरळ होता, उत्तर देण्यापूर्वी मात्र आम्हांस पुष्कळ वाचावे लागले.

त्यांची शंका निराधार नव्हती. सायक्लोस्पोरीन हे नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून, टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जिवाणूपासून, तर सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतून मिळाले. भूमीतूनच औषध शोधणाऱ्या आपल्या परंपरेस याचे नवल वाटू नये. यांपैकी पहिली दोन कॅल्सिन्युरिन या विकराचा रोध करतात, त्यामुळे टी-पेशींना इंटरल्युकिन-२ निर्माण करता येत नाही आणि परक्या वृक्कावरील त्यांचा हल्ला थांबतो. परंतु हीच औषधे वृक्कात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म धमन्यांचे आकुंचन करतात. कालांतराने त्या धमन्यांच्या भित्ती काचेसारख्या घट्ट होतात, टीजीएफ-बीटा हा घटक वाढतो आणि वृक्कऊतीत पट्ट्यापट्ट्यांनी तंतू साचतात. २००३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १२० रुग्णांच्या ९६१ बायॉप्सी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांअखेर असे बदल जवळजवळ सर्वांत आढळले.

येथेच थांबले तर निष्कर्ष सोपा. पण तो चुकीचा ठरतो. रुग्णास लक्षण जाणवू न देता चालणारा मंद अस्वीकार, दात्याच्या पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, बीके विषाणूचा उपसर्ग, या प्रत्येकाचा शेवट तंतुमयतेतच होतो. म्हणजे औषध अधिक झाले तरी व्रण, उणे पडले तरी व्रण! म्हणूनच 'क्रॉनिक अ‍ॅलोग्राफ्ट नेफ्रोपथी' ही सरसकट संज्ञा २००५ च्या बॅन्फ परिषदेने बाद केली. ती निदान नव्हती, निदानाचा आळस होता, असे आमचे मत आहे.

मात्रेचा विचार २००७ च्या सिम्फनी चाचणीने पुढे नेला. १६४५ रुग्णांत अल्प मात्रेतील टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड या योजनेत एका वर्षाअखेर वृक्ककार्य सर्वांत चांगले राहिले आणि अस्वीकारही कमी झाला. सिरोलिमस तंतुपेशींची वाढ रोखते, म्हणून त्यावर मोठी आशा होती. परंतु औषध बदलून दिलेल्या रुग्णांत मूत्रातील प्रथिने वाढलेली दिसली. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेलाटासेप्ट कॅल्सिन्युरिनला हात लावीत नाही. त्यावर सात वर्षांनंतरचे वृक्ककार्य सायक्लोस्पोरीनपेक्षा सरस आढळले, आरंभीचा अस्वीकार मात्र अधिक होता.

त्या गृहस्थांस आम्ही स्पष्ट सांगितले की गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मात्रेचा निर्णय वृक्कतज्ज्ञांचा. मग नेहमीप्रमाणे इतर औषधे विचारली. महिनाभर सर्दीसाठी ते त्रिकटु चूर्ण घेत होते. कोणी दिले, असे विचारता ते संकोचाने म्हणाले, "आपणच, मागच्या वर्षी. उरलेली पुडी होती."

चिठ्ठी आमचीच होती. प्रत्यारोपणाची नोंद त्या दिवशी आम्ही केलीच नव्हती. मिरी व पिंपळीतील पायपरीन हे सीवायपी ३ए४ हे विकर आणि पी-ग्लायकोप्रोटीन यांचा रोध करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. टॅक्रोलिमसचा निचरा याच दोन वाटांनी होतो. पपनस खाल्ल्याने रक्तातील टॅक्रोलिमस वाढल्याचा रुग्णवृत्तान्त २००३ सालीच जपानमधून प्रसिद्ध झाला आहे. चरकाचार्यांनी पिंपळीस योगवाही म्हटले आणि तिचा अतिवापर वर्ज्यही सांगितला. आम्ही ते विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि स्वतः विसरलो.

त्याच दिवशी वृक्कतज्ज्ञांशी बोलून चूर्ण बंद केले. रक्तातील पातळी वाढलेलीच निघाली. ती त्रिकटूमुळेच, असे एका रुग्णावरून म्हणता येणार नाही. पण चूर्ण थांबवून व मात्रा किंचित घटवून ती तीन आठवड्यांत उतरली. जुने तंतू अर्थातच गेले नाहीत. गुळवेल, अश्वगंधा यांसारखी बल्य द्रव्ये अशा रुग्णांस आम्ही देत नाही. ज्या प्रतिकारशक्तीस इतक्या कष्टाने निजवले, तिला जागे करण्याचा धोका आईच्या वृक्कावर घेण्यासारखा नाही.

ते गृहस्थ अद्यापही येतात. आधी टॅक्रोलिमसच्या पातळीचा अहवाल टेबलावर ठेवतात, मग नाडीसाठी हात पुढे करतात.